गुंडाळलेली वायर

मंगळवार, ४ नोव्हेंबर

गाडी भरून झाली! म्हणजे चार्ज झाली. अण्णा 'भरली' म्हणतात, पेट्रोलची टाकी असल्यासारखं. उद्या आईला सांगलीला न्यायचंय, गुडघा दाखवायला. ऑपरेशन तिथलंच, डॉक्टर तिथलेच, आणि विश्रामबागेत आत्या. उंब्रजहून जाऊन-येऊन बॅटरी पुरते, पण काठोकाठ भरलेली असली तरच.

एसटीची पायरी आईला चढवत नव्हती. म्हणून अण्णांनी ही सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी आणली. गावात हसले लोक. मिलिटरीतनं रिटायर झालेला माणूस, आणि गाडी घेतली तर मुकी! हसू देत. मला या गाडीचा पार लळा लागलाय. आई मागच्या सीटवर पाय पसरून बसते आणि कुणाचा ऊस कसा आलाय ते बघत जाते. कितीतरी महिन्यांनी ती असं काही बघतेय.

बुधवार, ५ नोव्हेंबर

सांगली. गुडघा वाकतोय! पण अजून एकटीनं उठायचं नाही, डॉक्टरांनी बजावलं. आत्यानं भडंग बांधून दिलं.

येताना आईनं विचारलं, सध्या काय लिहितेस. म्हटलं, एक गोष्ट आहे, त्यात माणूसच नाही, नुसत्या वस्तू.

"मग भांडणार कोण?"

कऱ्हाड येईपर्यंत मी घरातल्या वस्तू आठवत बसले.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आजची वस्तू — वायर.

मोठ्या प्लगचा पॉइंट घरात एकच. पुढच्या सोप्यात, आईच्या कॉटशेजारी. पूर्वी पाण्याच्या मोटरीसाठी काढलेला. गाडी उभी राहते अंगणात, गोठ्यापाशी. मधलं अंतर भागवायला अण्णांनी भाऊसो मंडपवाल्याकडनं जुनी एक्स्टेन्शन वायर आणलीय, रिळासकट. वायर लांबलचक. हवी तेवढीच सोडायची, बाकी सगळी रिळावर घट्ट. वेढ्याला वेढा चिकटून, एकही सैल नाही. ओल लागू नये म्हणून वरनं पोतं. आणि मग ते रीळ कॉटखाली सरकवायचं, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून! अण्णांची निम्मी नोकरी मिलिटरीच्या स्टोअरमध्ये गेलीय, त्याचा हा परिणाम. अंथरूण, दोरी, पाण्याचा पाइप — आमच्या घरात सगळं गुंडाळलेलं.

"पसरल्याली वायर म्हंजी चुकल्याला जवान," म्हणाले.

गाडीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, एक्स्टेन्शनवर चार्ज करू नका. नेऊन दाखवलं. ते शहरातल्यांसाठी असतंय म्हणाले. घ्या!

शनिवार, ८ नोव्हेंबर

आई म्हणते, गाडी लावली की वास येतो. प्लास्टिक तापल्यासारखा. संध्याकाळी मलाही आला. अगदी थोडा, पण आला. अण्णांना बोलावलं. ते कॉटपाशी वाकले, इकडंतिकडं बघितलं.

"कसला वास? मला तर काय न्हाई येत."

आणि गेले म्हशीकडं. इतका राग आला! स्वतःची चूक असली की यांचं नाकसुद्धा यांच्याच बाजूनं.

त्यात माझी आमटी तळाला लागली. घरभर करपट. अण्णा बाहेरूनच — "काय वास सुटलाय!" आमटीला रोज म्हणतात तेच, पण आज टोमणा! जेवताना बोललेच नाही त्यांच्याशी.

रविवार, ९ नोव्हेंबर

अबोला चालू. भडंग संपलं.

सोमवार, १० नोव्हेंबर

आजचं सगळं लिहून ठेवते.

दुपारी गाडी लावलेली. मी वर गच्चीत शेंगा वाळत घालत होते. खालून आईची हाक आली — नेहमीची नाही, वेगळीच. धावत आले तर कॉटखालून धूर. पोतं धुमसत होतं. आई कॉटवर भिंतीला टेकून बसलेली, कठडा धरून. उठता येत नाही. पाय खाली सोडावा तर खाली ते.

अण्णा म्हशीची बादली घेऊन आत आले, भरलेली. आई ओरडली,

"आवं, पाणी नगं! वायर हाय ती! पूजे, मेन पाड आधी!"

दाराजवळचा मेन स्विच खाली ओढला. मग अण्णांनी आणि मी कॉट आईसकट उचलली आणि अंगणात आणली. कशी उचलली, माहीत नाही. पुन्हा उचल म्हटलं तर हलणार नाही. अण्णांनी फावड्यानं रीळ बाहेर ओढलं, त्याच्यावर माती टाकली. झालं. विझलं. आईला खरचटलंसुद्धा नाही.

गार झाल्यावर बघितलं. वरच्या वायरीला फारसं काही नाही. आतले वेढे मात्र वितळून एकमेकांत गेलेले. गोळा झालेला काळा. अण्णा हातात घेऊन उलटसुलट करत राहिले — अशी कशी आतनंच जळली?

आई कॉटवरूनच म्हणाली, "कडब्याची ओली गंजी आतनं उबती, तसं झालंय. वायर तापती. पसरली असती तर निवली असती. तुमी गच्च आवळून वर पोतं टाकलं, ऊब जाईल कुठं?"

 मग मी बोलले. नको ते. की परवा दोघी सांगत होतो वास येतोय, तुम्हाला एकट्यालाच कसा आला नाही? आज आई जळाली असती.

"व्हय," म्हणाले. एवढंच. आणि मातीतलं रीळ उचलून मागच्या परड्यात टाकून आले.

आई मला म्हणाली, बास आता.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

बाळासो वायरमन आला. रीळ बघून हसला आधी. मंडपातल्या लाइटच्या माळांची वायर ही, हिच्यावर तासन्‌तास गाडी? मग हसायचा थांबला, कॉटकडं बघून.

मेन बोर्डापासून गोठ्याच्या भिंतीपर्यंत सरळ नवीन लाइन टाकली. जाड वायर, पाइपातून. गाडीचा वेगळा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच, नीट अर्थिंग, पॉइंटला झाकणाची पेटी. चार्जरचा प्लग थेट भिंतीत. मध्ये एक्स्टेन्शन नाही, काही नाही. अण्णांनी दिवसभर शिडी धरली. त्याला दोनदा विचारलं, आता तापणार न्हाई ना.

आई सोप्यात शांत झोपलीय. मी मधूनमधून उठून बघून येते. कुणाचे आभार मानायचे कळत नाही. मेन स्विचचे मानले. खरंच, हात जोडले त्याला! अण्णांनी बघितलं. हसले नाहीत.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

नव्या पॉइंटवर आज पहिल्यांदा गाडी भरली. अण्णा सारखे उठून जातात, प्लगला उलटा हात लावून बघतात. लहानपणी माझा ताप बघायचे, तसा.

शनिवार, १५ नोव्हेंबर

मेथी निवडताना आईला म्हटलं, अण्णा अजून गप्पच आहेत, इतकं काय लागलं त्यांना?

आईनं काडी मोडली. "त्यास्नी करोनापास्नं वासच येत न्हाई. पोरीला सांगू नगं म्हणले, उगं काळजी करंल."

"मग आमटीला रोज म्हणतात ते?"

"ते व्हय? फोडणीचा आवाज आला की म्हणत्यात. आदी मला बरं वाटावं म्हणून, आता तुला."

संध्याकाळी आमटी मीच केली. तेल चांगलं तापू दिलं, मोहरी जास्त घातली, फोडणी चरचरून दिली. आणि थांबले.

"काय वास सुटलाय!" — अंगणातून.

म्हटलं, या अण्णा, वाढते.