भाजीचे वीस जास्त

प्रिय खारू,

फोनवरही हे सगळं सांगता आलं असतं, पण तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. मी 'अगं, ऐक तर' म्हणेपर्यंत तुझं 'आई, मुद्द्यावर ये' येतं, आणि माझा मुद्दा लहानपणापासून सगळ्यात शेवटी येतो, त्याला मी काय करू? म्हणून पत्र. लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत बसून लिहिते आहे. दुपारपासून वीज नाही, मशीनं गप्प आहेत आणि आमचा इस्त्रीवाला चादरींच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून मजेत घोरतोय. मालक म्हणाले, बाई, तुम्ही घरी गेलात तरी चालेल. मी म्हटलं, बसते की, पगार तासावर आहे. ते हसले. वर्षापूर्वी असं बोलायला माझी जीभ उचलली नसती.

या महिनाअखेर आपल्या कराराला वर्ष होतंय. तू निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही माझ्यापुढे आपटली होतीस ते आठवतं ना? म्हणालीस, आई, एक वर्ष. रोजचा खर्च लिहायचा, महिन्याची शिल्लक काढायची. वर्षअखेर सहा महिन्यांचा खर्च बँकेत दिसला तर खुशाल इथे एकटी राहा, मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही. नाही दिसला तर मुकाट्याने सामान बांधायचं आणि आमच्याकडे यायचं, पुढची खोली तुझी. जावईबापू मागे उभे राहून मान डोलवत होते, त्यांची मान नेहमीच तुझ्या बाजूने डोलते. मी लगेच कबूल झाले, कारण तेव्हा माझ्या खात्यात सतराशे होते आणि खात्यात सतराशे असलेल्या बाईने वाद घालायचा नसतो.

तुला माझा हट्ट तेव्हा कळला नव्हता, बोलून दाखवलंस तू. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या या दोन खोल्या, नळाला दिवसातून दोनदा पाणी, खाली दिवसभर ठोकाठोकी, यात आईचा जीव का अडकावा? त्याचं असं आहे, खारू. मी आधी वडिलांच्या घरी राहिले, मग नन्सच्या वसतिगृहात, मग तुझ्या बाबांच्या घरात. वसतिगृहाची किल्ली मदरच्या कमरेला असायची आणि आपल्या घराची तुझ्या बाबांच्या खिशात. एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा कोणीतरी माझ्या हातावर किल्ली ठेवली आणि भाडेपावतीवर माझं नाव लिहिलं. तुझे बाबा गेल्यावर घर विकून सगळ्यांची देणी फेडली त्या दिवशी मी रडले नाही, पण ती पावती हातात घेऊन जिन्यात बसून रडले. घरमालकिणीला वाटलं, भाडं जास्त झालं म्हणून रडतेय. तिने शंभर कमी केले. मी गैरसमज दूर केला नाही.

लॉन्ड्रीतलं रफूचं काम छान चाललंय. वसतिगृहात शिवणाच्या तासाला सिस्टर रफू केलेलं कापड हातात घेतल्या घेतल्या उलटं करायच्या. सुलट बाजू कोणीही नीट करतं, पोरी, म्हणायच्या, मला मागून दाखव. तेव्हा आम्ही त्यांच्या नावाने बोटं मोडायचो, आज त्यांच्याच जिवावर जेवते आहे. परवा एका गृहस्थांच्या लग्नातल्या कोटाला कसर लागली होती. पाच भोकं होती, मी दोन दिवस बसले. न्यायला आले तेव्हा त्यांना भोकं कुठे होती ते सापडेना, आणि बिल दिसल्यावर म्हणाले, फाटलंच नव्हतं तर पैसे कसले? इस्त्रीवाला म्हणाला, आजी, पुढच्या वेळी एक भोक ठेवून देत जा, पुराव्याला.

बाकी वहीचं तुला माहीतच आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तू यायचीस, चष्मा डोक्यावर सरकवायचीस आणि ओळीवर बोट ठेवत उतरायचीस. लॉन्ड्रीचे बारा हजार, घरी केलेल्या शिवणाचे चार-साडेचार. खर्च अकराच्या आसपास. पहिले तीन महिने ताळा लागायचाच नाही. तू म्हणायचीस, आई, एकटी बाई इतकी भाजी खाते कुठे? आणि तिसऱ्या महिन्यात तू एकदम थांबलीस, टोमॅटोच्या ओळीवर. म्हणालीस, चाळीस? त्याच दिवशी, त्याच कोपऱ्यावर, मी वीसने घेतलेत. मी म्हटलं, माझे चांगले होते. मग मी उठले, बटणांचा डबा आणला आणि टेबलावर उपडा केला. सातशे चाळीस निघाले. सदतीस वेळा वीस.

तू इतकी हसलीस की खालचा सायकलवाला वर बघायला लागला. मीही हसले. पण रात्रभर मला चैन पडलं नाही. अडतीस वर्षं मी घरखर्चाच्या हिशेबात तुझ्या बाबांना भाजीचे वीस जास्त सांगत आले. आमच्या वेळच्या सगळ्या बायका सांगायच्या. त्यातून तुझे सहलीचे बूट झाले, तुझ्या मैत्रिणीच्या लग्नातला आहेर झाला, आणि अडीअडचणीला काहीतरी आपलं असावं ही हाव भागली. हाताला सवय इतकी जडली की विचारणारा माणूस गेला, घर गेलं, वही माझी, पैसे माझे, तरी पेन हातात धरलं की बोटं आपोआप वीस वाढवायची. मालकीणही मीच आणि चोरही मीच. जगात असा दरोडा कोणी घातला नसेल.

हसून झाल्यावर मी तुला एक गोष्ट सांगितली नाही, ती आज सांगते. तुझे बाबा गेल्यावर माझ्या सगळ्या डब्यांतून मिळून एकसष्ट हजार निघाले, ते आपण देण्यात घातले. तुला वाटलं, आईने किती साठवलं. पण मी बँकेचे कागद पुन्हा पुन्हा वाचले आहेत. त्यांनी काढलेल्या दुसऱ्या दुकानाच्या कर्जाचा पहिला हप्ता चुकला तो ते जायच्या दोन वर्षं आधी. अडतीस हजारांचा होता. तिथून दंड सुरू झाला, मग पहिल्या कर्जाचं तोंड बंद करायला दुसरं, दुसऱ्याचं बंद करायला घर गहाण. आणि त्या महिन्यात माझ्या डब्यांमध्ये बावन्न हजार होते, खारू. डब्यांत ठेवलेल्या चष्म्यांच्या जुन्या घरांमध्ये, गुंडाळी करून. त्यांच्या उशापासून चार हातांवर.

ते रविवारी विचारायचे, पुरतात ना गं पैसे? मी म्हणायचे, ओढाताण होते हो. मग ते घरखर्चाच्या पाकिटात आणखी पाचशे घालायचे. कर्जातून घालत होते, हे मला नंतर कळलं. मी ते पाचशे डब्यात टाकायचे. तुझे बाबा कर्ज लपवत होते आणि मी बचत, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण दुसऱ्याला त्रास होऊ देत नाही. एका टेबलावर जेवणारी दोन माणसं आणि दोन खोट्या वह्या. आम्ही चांगला संसार केला गं, खरंच. कधी आवाज चढला नाही. कधीतरी चढायला हवा होता.

चौथ्या महिन्यापासून माझे आकडे खरे आहेत. बाजारात आधी वही काढते मग पिशवी, भाजीवाली मला तपासनीस म्हणते. वर्तमानपत्र बंद करून लॉन्ड्रीतलं वाचते, एक दिवस शिळं असतं, पण मी तरी कुठे ताजी आहे? चहाची साखर कमी झाली तशी गुडघ्यांची कुरकुरही कमी झाली. नव्या चपला दोनदा घेईन म्हणून थांबले आणि तिसऱ्यांदा घेतल्या, चांगल्या घेतल्या, त्या महिन्यात तू भुवया उडवल्यास तरी मला वाईट वाटलं नाही. आणि काल पासबुक भरून आणलं. सहासष्ट हजार हवे होते, सदुसष्ट हजार चारशे आहेत. बँकेतल्या मुलीला मी तो आकडा दोनदा वाचून दाखवायला लावला. तिला वाटलं, आजींना दिसत नाही.

म्हणजे करार मी जिंकले. पण तू हरल्यासारखी दिसणार नाहीस, उलट तुझा जीव भांड्यात पडेल, हे मला माहीत आहे. रागावू नकोस. अडतीस वर्षं खोटे हिशेब लिहिलेल्या बाईला दुसऱ्याचा खोटा हिशेब ऐकूनच कळतो. गेल्या दोन्ही खेपांना तू म्हणालीस, टॅक्सीने आले, दोनशे घेतले मेल्याने. मी खिडकीत उभी होते. तू कोपऱ्यावर बसमधून उतरलीस आणि चेहरा पुसून, केस सारखे करून मगच आमच्या दाराकडे वळलीस. मी वीस वाढवून सांगायचे ते साठवलेलं लपवायला, तू दोनशे वाढवून सांगतेस ते नसलेलं लपवायला, एवढाच काय तो फरक. मंगळवारी सकाळी अकराला मी चुकून तुझ्याऐवजी जावईबापूंना फोन लावला. ते म्हणाले, मीटिंगमध्ये आहे आई. मागे कुकरची शिट्टी झाली, आणि मग ते शिट्टीवरून आवाज चढवून मीटिंगबद्दल बोलत राहिले. मी म्हटलं, चालू दे तुमची मीटिंग, गॅस बारीक करा. मग ते हळूच 'बरं' म्हणाले.

आणि माझी नात. तिला अजिबात बोलायचं नाही हं, तिने तुझा शब्द चार महिने पाळला, सहा वर्षांच्या जिवाला तो डोंगर आहे. परवा फोनवर हळूच म्हणाली, आजी, तुझ्या खोलीत एक ताई राहायला आलीय, तिचं कुलूप वेगळं आहे, पण आई म्हणाली आजीला नाही सांगायचं. तेव्हा कुठे मला कळलं, चार महिने झाले, तू पुढच्या खोलीचं नाव का काढत नाहीस. माझी शिल्लक मोजताना तू बेरीज दोन-दोनदा का करतेस. पोरी, आई नापास झाली तर तिला ठेवायची कुठे, या धास्तीत तू माझ्या टोमॅटोंची बेरीज करत होतीस. आणि तरी एकदाही माझ्यावर ओरडली नाहीस.

आता मुद्दा. काल बँकेतून परस्पर घरमालकिणीकडे गेले आणि खोल्यांचा करार पुढच्या दोन वर्षांसाठी केला, प्रत्येक पान वाचून. हट्ट म्हणून नाही केला. आपल्या माणसांपैकी कोणाची तरी एक जागा अशी असावी की जिचं भाडं भरलेलं आहे आणि जिथून उठ म्हणणारं कोणी नाही. आतली खोली मी टेपने मोजली, दोन गाद्या सरळ बसतात आणि नातीची आडवी. माझ्या एकटीचे सहा महिने म्हणजे आपल्या चौघांचे काटकसरीत तीन, हेही मांडून बघितलं. उद्या या असं म्हणत नाही, कदाचित कधीच यावं लागणार नाही, देव करो. पण येत्या रविवारी माझी वही तपासायला येऊ नकोस. तुमची घेऊन ये, नसेल तर कोरी आण, मी रेघा मारून देते. जावईबापूंनाही आण. त्यांना सांग, सासूबाई काही विचारणार नाहीत, फक्त हप्ता किती, तारीख कोणती आणि हातात किती, एवढंच लिहून घेतील. बसनेच या. अजून एकही हप्ता चुकला नसेल तर फारच उत्तम. चुकला असेल तर रविवारची वाट बघू नकोस.

भाडं वेळेवर भरणारी,
तुझीच
आई