तुमच्या परवान्यावर माझी छाती

वस्ताद, तुमी जाऊन आट-नऊ वर्सं झाली. तालमीतली नवी पोरं तुमचा फोटो बघून इचारत्यात, ह्यो कोण? मी सांगतो, ज्यांच्या लंगोटात मी खाजकुयली टाकली होती, ते. पोरं हसत्यात. तुमी हसला नव्हता. दोनशे बैठका मारायला लावल्या आन् वर म्हणाला, "आता तुजी तू खाजीव."

तुमी गेला त्या साली नवा नियम निघाला. तिकिटाच्या मैदानात इनामाची कुस्ती धरायची तर सरकारी परवाना पायजे. फी भरायची, अर्ज द्यायचा, डॉक्टरकडनं छाती तपासून शिक्का आणायचा. होटगीचं मैदान चार दिसांवर आलेलं. तुमची शेवटची कुस्ती. फी तुमी लगीच काढून दिली, अर्जावर अंगठा उठवला. पण डॉक्टर म्हटलं की मान फिरवायचा. मैदानाच्या आदी परक्याचा हात अंगाला लागू द्यायचा न्हाय, आपल्या तालमीची रीतच ती. मग मीच म्हणालो, "वस्ताद, तुमच्या बदली मी झोपतो की टेबलावर."

तुमी लंगोट पिळता पिळता इचारलं, "आन् घावलास तर?"

"तर म्हणतो, मीच वस्ताद. पटत नसंल तर धरा कुस्ती!"

डॉक्टर चष्म्यावरनं बघतोय. अर्जावर वय चाळीस, आन् मला धड मिसरूडबी न्हाय. "चाळीस?"

"तालमीची माती हाय, सायब."

त्यो हसतो, गार नळी छातीला लावतो. "घोड्यासारखी छाती आहे हो तुमची." शिक्का दण्णकन् बसतो.

मी उड्या मारत आलो. तुमाला वाचता येत न्हवतं, तरी कागद उलटासुलटा बघितला. "काय म्हणाला डॉक्टर?"

"तुमची छाती घोड्यासारखी हाय म्हणाला."

तुमी छातीवर हात ठिवला. "बरं झालं," म्हणाला. जणू खरंच तुमालाच तपासलं हुतं.

होटगीला हलगी वाजतीया. दारावरचा माणूस परवाना बघतो, आत सोडतो. तुमी माती कपाळाला लावता, सलामी हुतीया. समोरचा अजून भिडलाबी न्हाय आन् तुमी खाली बसता, कुणीतरी खांद्याला धरून बसवल्यागत. हलगी वाजतच ऱ्हाती. मला वाटलं, डाव हाय. मी शिट्टी मारली.

लोकं म्हणाली, डॉक्टरनं बघितलं हुतं, सरकारी कागद हुता, नशीब म्हणायचं. आता दर साली माज्या परवान्याची फी भरतो, टेबलावर झोपतो. नळी टेकली की दम धरतो. वाटतं, ह्याला आत दोगांचे ठोके ऐकू येतील.

ही चिठ्ठी तुमच्या फोटोमागं सारणार हुतो. पण पोरं माज्यासारखीच हायत, काढून वाचतील. खिशातच ठिवतो. एकच सांगायचं ऱ्हायलं. अर्ज द्यायच्या आदल्या दिशी तालमीच्या पायऱ्या चढताना तुमी मदीच थांबला, भिंतीला हात लावून, ओठ काळे-निळे पडलेले. तुमाला वाटलं, कुणी बघितलं न्हाय. मी वर गच्चीत हुतो, तुमच्या डोस्क्यावर पाणी वतायला तांब्या घेऊन. तांब्या तसाच खाली ठिवला. आन् दुसऱ्या दिशी जाऊन डॉक्टरला माजं म्हणून तुमचं नाव सांगितलं.