गफारचे दुसरे विमान

अल्लाहचे नाव घेऊन मी, रसूल वल्द इमामसाब, वय एकोणपन्नास, धंदा सुतारकी, राहणार येडशी, जिल्हा उस्मानाबाद, हे लिहून ठेवतो. छातीच्या आजाराने शरीर खंगले आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी भरीस घातलेले नाही.

घर आणि पोस्टातील शिल्लक शरियतप्रमाणे बायको कुलसुमबी, मुलगी मैमुना व धाकटा भाऊ चाँदपाशा यांनी वाटून घ्यावी. कुलसुमबीला घरातून कोणी उठवू नये. हत्यारे मित्र बब्रुवानला. रंधा त्याने नेलाच आहे. आता परत मागणारा उरणार नाही.

राहिले विमान. खेळातली विमाने करून उडवायची ही विद्या मी हैदराबादच्या विमानतळावर सुतारकाम करताना शिकलो. हातभर लाकडी विमान, नाकाला लहान इंजिन. उडवणारा मध्ये लाकडी मूठ धरून उभा राहतो आणि तिला बांधलेल्या दोन पोलादी तारांच्या टोकाला विमान त्याच्याभोवती फिरते. मुलगा गफार माझ्यापेक्षा चांगले उडवायचा.

गेल्या उरुसात चाँदपाशाने त्याला दर्ग्यापुढे उडवायला लावले. वर विजेच्या तारा होत्या. खांब उभे राहून वर्ष झाले तरी वीज आली नव्हती; सारे गाव त्यांना मुक्या तारा म्हणायचे. पण उरुसासाठी त्या दिवशी वीज सोडणार, अशी सकाळी दवंडी झाली होती. चाँदपाशाने ती ऐकली होती. मी येरमाळ्याला कामावर होतो. पुढचे बब्रुवानने सांगितले.

गफार म्हणाला, "चाचा, वर तारा हैत. अब्बा वरडतील."

"आरं, वीज दिवेलागणीला येती. आत्ता चिमण्या बसल्यात की तारंवर! तू चिमणीपरीस नाजूक हैस व्हय?"

लोक हसले. गफारही हसला.

विमानाची तार वरच्या तारेला लागली. मी परतलो तेव्हा दर्ग्यावर पहिल्यांदा विजेचे दिवे लागले होते.

त्यानंतर चाँदपाशा माझ्या दारात आला नाही. मी बोलावले नाही.

गफारने हयातीत केलेले दुसरे विमान घरात आहे. कुलसुमबी म्हणते, चुलीत घाला. मैमुना म्हणते, "भाईनं मला शिकवलंय, अब्बा. नुसतं टांगून ठिवू नका." ते तिला मिळावे, ही माझी इच्छा. पण वारसाला हिश्श्याबाहेर काही द्यायचे, तर माझ्यामागे बाकीच्या वारसांची कबुली लागते. कुलसुमबीने रडत शब्द दिला आहे. काझीसाहेब म्हणाले, "हयातीतच देऊन टाका, रसूलभाई. कशाला चाँदपाशाच्या तोंडाकडं बघता?"

देता आले असते. पण चाँदपाशाने एकदा त्या विमानासमोर उभे राहून हो किंवा नाही म्हणावे, असे मला वाटते. यात राग किती आणि माया किती, ते अल्लाहला ठाऊक.

मैमुना, उडवशील तर बब्रुवानच्या पडीक रानातच. आधी मान वर करून सगळीकडे बघ. कोणतीही तार मुकी समजू नकोस. विमान बब्रुवानला धरायला लावून तारा जोराने ओढून बघ. मुठीचा पट्टा मनगटात अडकव. फेऱ्याच्या आत कोणी येता कामा नये, कौतुकाचा हार घेऊनसुद्धा नाही. आभाळ गडगडले तर घरी ये.

चाँदपाशाने नाकारले तर विमान बब्रुवानने न्यावे आणि कधीही उडवू नये.

चाँदपाशाला बोलवायला कोणी जाऊ नये. त्याने आपण यावे.

हे साक्षीदारांना वाचून दाखवून सही केली.

येडशी, ता. १२ जानेवारी १९६६
रसूल वल्द इमामसाब

साक्षीदार: शंकरप्पा तेली (सही), दगडोबा गुरव (अंगठा)

माझ्यामागे द्यायची कबुली:
कुलसुमबी ................
चाँदपाशा ................