हनुवटीवरचा तीळ

१७ जून २०२४

आजपासून घरातही हात बंद! मृण्मयी मॅडमनी सेंटरमध्ये सगळ्या बहिऱ्या मुलांच्या आयांना बसवून सांगितलं — ऑपरेशन झालं, कानामागं मशीन बसलं, आता मुलांनी ऐकायचं आणि बोलायचं. खुणा केल्या की बोलायचा आळस येतो. मूल हातानं काही सांगायला लागलं की त्याचे हात धरून मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचं, "हात खाली. तोंडानं सांग."

संध्याकाळी प्रेरणानं पाणी मागितलं, आमच्या खुणेनं, अंगठा ओठाला लावून. मी तिचे हात खाली ठेवले. तिनं परत मागितलं. मी परत ठेवले. पाच वर्षांची पोर, तिला वाटलं मी खेळतेय. खुदुखुदु हसायला लागली. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

२३ जून

आमच्या खुणा कुणी शिकवलेल्या नाहीत. घरातल्या घरात झाल्या. बाबा म्हणजे डोक्यावर हेल्मेट. खुलताबादची आजी म्हणजे दातांवर बोट घासायचं — सासूबाईंची मिश्री! त्या स्वतःसुद्धा पदर तोंडाला लावून हसायच्या. आणि मी म्हणजे हनुवटीला बोट. माझा तीळ आहे तिथं. दिवसभर हनुवटीला बोट लावत माझ्यामागं फिरायची पोरगी. कधी झोपेतसुद्धा लावायची.

पण खरं लिहायचं तर मला "आई" ऐकायचंय. एकदाच. माझ्याकडं बघून. त्यासाठीच तर चाललंय हे सगळं.

९ ऑगस्ट

सेंटर ज्यांच्या फाउंडेशनच्या पैशावर चालतं, त्या सरांचा भिंतीवर मोठा फोटो आहे. परदेशात राहतात. कंपन्या किती आहेत ते त्यांनाच ठाऊक. त्यांचा नातू जन्मतः बहिरा, त्याला मशीन बसवलं, तो बोलायला शिकला. म्हणून सरांनी ठरवलं की सगळी मुलं तशीच शिकणार. नातवाचं कौतुक मलाही आहे. पण मराठवाड्यातल्या पोरांनी हात कुठं ठेवायचे हे ठरवणारा माणूस मराठवाड्यात एकदाही आलेला नाही!

प्रेरणाच्या बाबांजवळ बोलले तर म्हणाले, "लई बोलू नको. सगळं फुकट केलं त्या माणसानं. आपली ऐपत होती का?"

नव्हती. तेही खरंच आहे.

३० नोव्हेंबर

उस्मानपुऱ्यात केशव सरांचा खुणांच्या भाषेचा वर्ग होता. सर स्वतः बहिरे. ऑपरेशनच्या आधी आम्ही मायलेकी जायचो तिथं. काय हसायची मुलं! आवाज नाही नि नुसता दंगा. आज त्या रस्त्यानं गेले तर पाटीच नाही. खाली झेरॉक्सवाला पुंडलिक म्हणाला, "बंद पडला ना, ताई. ज्या संस्थेची जागा होती तिला फाउंडेशननं देणगी दिली. अट घातली, हिथं खुणा शिकवायच्या नाय. सर गेले नांदेडला, भावाकडं."

मोर्चा नाही, सरकारी हुकूम नाही. एका माणसाला पटलं नाही, एवढंच.

मीही हात खालीच ठेवायला लावतेय, मग पुंडलिकसमोर कशाला तणतणले?

१४ फेब्रुवारी २०२५

प्रेरणा "आई" म्हणाली!!

सेंटरमध्ये. कार्डावर साडीतल्या बाईचं चित्र होतं. मॅडमनी त्यावर बोट ठेवलं आणि ती म्हणाली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, व्हिडिओ काढला, सरांकडं पाठवला. मी मागं खुर्चीत. डोळे पुसत बसले.

घरी येऊन तिच्यासमोर बसले. म्हण ना बाळा! माझ्याकडं बघून म्हणेना. हनुवटीलाही बोट लावेना. कार्डावरच्या बाईला आई मिळालं. मला दोन्हीतलं काहीच नाही.

१ मार्च

तीळ आहे तिथंच आहे.

६ मे

सेंटर बंद होणार. महिनाअखेर. सर आता समुद्र वाचवणार म्हणे, समुद्रातली प्रवाळं. आमच्या गारखेड्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, आणि आमच्या पोरांचे कान समुद्रात गेले!

मॅडमना विचारलं, "असं मध्येच कसं?"

"वरून आलंय, ताई."

"वर कोण? सरच ना? मग त्यांना विचारा."

"त्यांना असं विचारता येत नाही हो." बोलता बोलता रडायलाच लागल्या. त्यांचीही नोकरी गेली. मीच त्यांना पाणी आणून दिलं.

आमदाराला पाच वर्षांनी का होईना, दारात यावं लागतं. नाही आवडला तर पाडता येतो. ह्यांना कुणी निवडूनच दिलं नाही, तर पाडणार कसं?

२१ जून

मशीनची वायर गेली. दुकानदार म्हणतो, "हे मॉडेल बंद झालंय, पूर्ण नवीन घ्यावं लागेल." फाउंडेशनचा नंबर लागत नाही. प्रेरणा मशीनवर टिचक्या मारत बसते आणि माझ्याकडं बघते. तोंडानं बोलत नाही, हातानं नाही. काय हवंय तुला, बाळा? कसं विचारू?

२९ जून

खुलताबादला गेलो. सासूबाईंनी दातांवर बोट घासून दाखवलं, मोठ्यांदा हसून दाखवलं. प्रेरणानं मान फिरवली. सासूबाई मला म्हणाल्या, "आगं, पोरीचं तोंड बी बंद, हात बी बंद. मंग तिनं बोलावं तरी कशानं?"

परत येताना बसमध्ये ठरवलं. बस झालं! हात उघडायचे.

४ जुलै

केशव सर सापडले! पुंडलिककडं नंबर होता. व्हिडिओ कॉलवर मला बघून दोन्ही हात हवेत हलवले — ही त्यांची टाळी. मग मेसेज टाकला, "उशीर झालेला नाही. आधी तुम्ही सुरू करा. रोज करा. ती परत येईल."

आरशासमोर उभी राहून सराव केला. अंगठा ओठाला. डोक्यावर हेल्मेट. हनुवटीला बोट. माझंच बोट, माझाच तीळ, आणि रडू आलं. इतकी आठवण येते मला तिच्या हातांची!

९ जुलै

दुपारी घरात आम्ही दोघीच. तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि हनुवटीला बोट लावलं. परत लावलं. ती उठून जवळ आली. वाटलं, आता! तिनं माझे दोन्ही हात धरले, माझ्या मांडीवर ठेवले, वरून आपल्या हातांनी दाबले. आणि माझ्याकडं बघून म्हणाली, अगदी स्वच्छ —

"हात खाली, आई."