कारल्यावरची माशी

मुलुंड, ३ ऑगस्ट १९८४

आजही कारल्यांची वाट लागली! वरून हिरवीगार, चिरली तर आत अळ्या वळवळतायत. मेली फळमाशीच ती. सुनेला म्हटलं, अनुपमा, किडकी सगळी वेच आणि उकळत्या पाण्यात टाक. तिने तोंड फिरवलं. मग मीच टाकली, तिला समोर उभी करून. म्हटलं, माशीलासुद्धा पोरं होतात गं — सहा वर्षांत तुला एक होईना?

ती खाली बसून उरलेली कारली निवडायला लागली. तिचं हे गप्प राहणंच मला खपत नाही.

८ ऑगस्ट

गुळाच्या पाण्यात औषध कालवून करवंट्या वेलाखाली टांगल्या. सकाळी माश्यांचा खच. झकास वाटलं!

सूनबाई मात्र कोवळ्या कारल्यांना कागदाच्या पिशव्या बांधत बसली होती. म्हणे, माशी बसायलाच नको. नाटकं नुसती.

११ ऑगस्ट

जयवंतला स्पष्ट सांगितलं — हिला चिपळूणला माहेरी पोचव, सोडचिठ्ठीचं वकिलाशी मी बोलते. कुडाळची मालन बघून ठेवलीय तुझ्यासाठी. खाली मान घालून जेवला. नाही म्हणाला नाही, म्हणजे झालंच. माझा लेक आहे तो.

१५ ऑगस्ट

शेजारचे सीतारामभाऊजी चहाला आले. ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात नोकरीला आहेत, म्हणून सगळं ठाऊक! करवंट्या बघून हसले. म्हणाले, "वहिनी, एकेक माशी काय मारताय? आता किरणं मारून नरच निकामी करून सोडतात. मादीला पत्ताही नसतो. ती अंडी घालते, पण आतून काही निघत नाही."

मी पोट धरून हसले. बिचारी मादी!

जयवंत चहा तसाच टाकून उठला. अनुपमा त्याच्याकडे बघत राहिली.

१९ ऑगस्ट

गेली एकदाची. रडलीसुद्धा नाही, निगरगट्ट. पाया पडायला वाकली तेव्हा मी पाय मागे घेतले.

२४ ऑगस्ट

पिशवीतली कारली उतरवली. एकही किडकं नाही. भाजी केली, पण जयवंतने ताट सरकवलं.

२६ ऑगस्ट

जयवंत आज बोलला. "आई, दोष माझ्यात आहे. डॉक्टरांनी दुसऱ्याच वर्षी सांगितलं होतं. तुला कळू नये म्हणून मीच तिला शपथ घातली."

मी उठून आधी दार लावून घेतलं.

त्याला म्हटलं, हे आता कुणापाशी बोलू नकोस. मालनच्या घरी तर नाहीच. पोरगी गरीब आहे, एक शब्द उलटून बोलत नाही म्हणतात. बरंच आहे.