आठवड्याला साठ ग्रॅम

सोमवार, ४ मार्च

तीन किलो चारशे पन्नास. काटेवालीने आकडा मोठ्याने वाचला. सगळ्या बाकाला ऐकू जाईल असा!

दवाखान्यातल्या ह्या नर्सचं नाव मला माहीत नाही, करूनही घ्यायचं नाही. काटेवालीच बरी. काटा तिचा, जीभही तशीच. "बेचाळीस दिवसांची ना ही? जन्माला तीन किलो शंभर होती. सहा आठवड्यांत फक्त साडेतीनशे?" मग माझ्याकडे न बघता, तक्त्यावर ठिपका देत — "पाजता ना नीट?"

नाही. कुंडीत ओतते! असं म्हणायला हवं होतं. म्हणाले, "हो ताई."

"पुरत नसेल तर वरचं दूध सुरू करा. हट्ट करू नका."

हट्ट. दर पाजण्याला छातीवरची जखम उघडते. उशीचा अभ्रा दातात धरून बसते मी, किंचाळू नये म्हणून. त्याला हट्ट म्हणतात होय?

बाकावरच्या बायका माझ्याकडे बघत होत्या. त्यांची बाळं म्हणजे नुसते लोण्याचे गोळे. एक तर म्हणाली, "होतं हो हळूहळू." तिच्या मऊ आवाजानेच पित्त खवळलं.

६ मार्च

सासूबाई आल्या. किती दिवस, ते बोलल्या नाहीत. बॅगेतून सगळ्यात आधी काय निघालं? दुधाच्या पावडरचा डबा. ओट्याच्या मधोमध ठेवला, देव मांडावा तसा.

बाळाला उचललं आणि म्हणाल्या, "हाताला लागतच नाही गं ही."

नवरा हसला. हसला!

मी डबा वरच्या कपाटात टाकला. संध्याकाळी परत ओट्यावर.

७ मार्च

डबा कपाटात. डबा ओट्यावर. दोघींपैकी कुणीही त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

९ मार्च

पाजताना सासूबाई समोर खुर्ची ओढून बसतात. मांडीवर हात ठेवून. परीक्षकासारख्या. आज म्हणाल्या, "टक टक आवाज येतोय बघ. हवाच जास्त जातेय पोटात."

"आई, तुम्ही जरा बाहेरच्या खोलीत बसता का?"

"मी काय परकी आहे?"

हो! पण तोंडातून निघालं, "तसं नाही हो."

नवऱ्याला सांगितलं तर तो बूट काढता काढता म्हणतो, "तिचं ऐकून बघायला काय हरकत आहे?" दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो. अडकलेली माणसं बाहेर काढतो म्हणे. घरात एक अडकलीय, ती दिसत नाही.

सोमवार, ११ मार्च

तीन किलो पाचशे दहा. साठ ग्रॅम वाढ. अख्ख्या आठवड्याची!

घरी येताना हिशेब केला. दिवसाला साडेआठ ग्रॅम. मी दिवसाला बारा वेळा पाजते. म्हणजे एका वेळेला पाऊण ग्रॅमसुद्धा नाही. एवढं मेण तर मी कामावर कवळ्या घडवताना नखात अडकवून घरी आणते.

मालकांचा फोन आला होता. एक तारखेपासून येतेस ना, कवळ्यांचे अकरा साचे पडून आहेत. लोकांच्या तोंडात दात बसवून देणारी मी, पोटच्या पोरीच्या तोंडात चार घोट जात नाहीत माझ्याच्याने.

येते म्हणाले. घरातून सुटका तरी होईल.

१४ मार्च

हे फक्त इथेच लिहिते.

दुपारी दीड तास ती अंगाला होती. ओढते, सोडते, रडते, परत ओढते. मी तिला पाळण्यात ठेवलं — ठेवलं कसलं, टाकलंच जवळजवळ — आणि ओरडले, "काय पाहिजे काय तुला बाईसाहेब? अजून काय देऊ? कातडं सोलून देऊ?"

ती गप्प झाली. माझ्याकडे बघत राहिली. ओठांचा चंबू तसाच.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि बादलीवर बसले. बाहेर आले तेव्हा ती सासूबाईंच्या खांद्यावर होती. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

१५ मार्च

जाऊबाईंनी त्यांच्या मुलाचा फोटो पाठवला. मांड्यांना वळ्याच वळ्या. खाली लिहिलंय — 'फक्त अंगावरचं हं!' फोन फेकला. उशीवर. तेवढी अक्कल अजून शिल्लक आहे.

सोमवार, १८ मार्च

तीन किलो पाचशे साठ. पन्नासच! साठसुद्धा नाही.

काटेवालीने पेन खाली ठेवलं. "हे असं चालायचं नाही. अंगावरचं पाजून झालं की प्रत्येक वेळी वरचं द्यायचं, आजपासूनच. पुढच्या सोमवारी वाढ दिसली नाही तर मी डॉक्टरांना भरती करून घ्यायला सांगणार. तुमचा मान मोठा की पोर मोठी?"

बाकावरच्या बायकांनी आपापली बाळं मांडीवर सरसावून घेतली.

घरी आले आणि डबा मीच उघडला. झाकण निघेना, चमच्याने उचकटलं. सासूबाईंनी पाणी उकळून दिलं, वाटीत दूध कालवलं, आणि वाटी-चमचा माझ्या हातात दिला. "तूच दे," म्हणाल्या. मला वाटलं होतं, त्या स्वतः पाजतील आणि विजयी मुद्रेने बघतील. तेही सुख दिलं नाही.

बाईसाहेबांनी चाटूनपुसून प्यायलं. मग झोपल्या, मुठी उघड्या टाकून. आठ आठवड्यांत पहिल्यांदा मुठी उघड्या.

इतका राग कुणाचा कधीच आला नव्हता मला. माझा स्वतःचा.

२० मार्च

सापडलं!

सकाळी खिडकीशी बसून चमच्याने देत होते. ऊन थेट तिच्या तोंडात. चमचा ओठाला लागला, तिने आ केला, जीभ पुढे आणायला गेली आणि ती आलीच नाही. हिरडीपर्यंत येऊन थांबली. टोकाला मधोमध खाच, पत्त्यांतल्या बदामासारखी. मी करंगळी धुतली आणि जिभेखाली घातली. ताठ दोरी! जिभेच्या टोकापासून खालपर्यंत पडदा. जीभ बांधून ठेवलीय पोरीची! ओढणार कशी ती? हिरडीनेच चावत होती बिचारी, म्हणून माझ्या जखमा, म्हणून ते टक टक.

नऊ वर्षं तोंडांचे साचे बघतेय मी. शेकडो. टाळू, हिरडी, जिभेची जागा, सगळं बोटांना पाठ. आणि घरातलं एक तोंड उघडून बघितलं नाही! बघू कशी? सगळ्यांनी मिळून मला माझ्याच छातीकडे बघायला लावलं होतं.

सासूबाईंना हाक मारली. हाक कसली, आरोळीच. "या, बघा! हे बघा! दूध कमी नव्हतं माझं. कळलं? आता घ्या तो डबा आणि ठेवा तुमच्या बॅगेत!"

त्या वाकल्या. पुष्कळ वेळ बघितलं. मग पलंगाच्या कडेवर बसल्या. 

तोंड पडलं! दोन आठवड्यांनी एकदाचं पडलं. मला इतकं बरं वाटलं की गाणं म्हणावंसं वाटलं.

२१ मार्च

सासूबाई गेल्या. "मला घरी जायचंय" एवढंच. नवरा बसस्टँडवर सोडून आला. म्हणाला, "काय बोललीस तिला? वाटभर गप्प होती."

जे खरं ते बोलले.

२२ मार्च

काटेवाली म्हणे, "असं असतं पुष्कळांना, त्याने काही बिघडत नाही." मी म्हणाले, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मी हलणार नाही. खुर्चीही मागितली नाही, दारातच उभी राहिले, बाळासकट.

डॉक्टरांनी बोट घालून बघितलं. "बरोबर आहे तुमचं." मग काटेवालीकडे बघितलं. ती नजर मी फ्रेम करून भिंतीला लावली असती!

जिभेखालचा पडदा कापला, दोन मिनिटांचं काम. पोर किंचाळली, कापसावर दोन थेंब रक्त. लगेच अंगाला लावायला सांगितलं. तिने धरलं — आणि मी वाट बघत राहिले दुखण्याची. दुखलं नाही. ओढ मात्र अशी की पायाच्या बोटांपर्यंत जाणवली. घट घट घट. हा आवाज मी आजवर ऐकलाच नव्हता.

वाढ दिसेपर्यंत वाटी-चमचा सोडू नका, म्हणाले डॉक्टर. बरं. आणि कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "घरात आणखी कुणाची जीभ अशी होती का? पुष्कळदा घराण्यात असते."

माझ्या माहेरी कुणाची नाही. सोबत आलेला नवरा म्हणाला, "आईला विचार."

मी? कशाला! कागदावरची ती रेघ रिकामीच राहिली.

सोमवार, २५ मार्च

तीन किलो सातशे. काटेवाली म्हणाली, "छान." मी आभार मानले नाहीत.

सोमवार, १ एप्रिल

तीन किलो नऊशे साठ!! दोनशे साठ ग्रॅम! ठिपका तक्त्यावरच्या रेघेला टेकला. काटेवाली रेघ ओढताना म्हणाली, "आता पुढची बाळं आली की मी आधी जीभ बघते." मी तोंड फिरवलं. माफीबिफी मला नकोय. मालकांना कळवलं, अजून एक महिना येणार नाही. साचे थांबतील.

२ एप्रिल

सासूबाईंना फोन केला. विचारायला म्हणून, पण खरं तर वजन ऐकवायलाच. आकडा सांगितला. "बरं झालं गं," म्हणाल्या. मग विचारलं, अशी जीभ तुमच्याकडे कुणाची होती का?

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"होती. तुझ्या नवऱ्याच्या आधीची माझी मुलगी. त्याला माहीत नाही. अगदी अशीच, बदामासारखी. आम्ही आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचो." मग म्हणाल्या, "गेली तेव्हा तीन महिने पुरे व्हायला चार दिवस होते. मी शेवटपर्यंत अंगावरच पाजत होते गं."

 लगेच म्हणाल्या, "ठेव आता. तिची वेळ झाली असेल."