चारूच्या नावाने एक घड

मी, कोकिळा लीलाधर महाजन, वय चौसष्ट, धंदा केळीची शेती, राहणार लोधीपुरा, बुऱ्हाणपूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. गुडघे सोडले तर माझे काही बिघडलेले नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तरीही ज्यांना शंका येईल, त्यांचे नाव पुढे कलम चारमध्ये आहे.

१. मला एकच अपत्य झाले, चारुलता. ती तेविसाव्या वर्षी अंडाशयाच्या कर्करोगाने गेली. त्यातही तिचा प्रकार इतका दुर्मिळ, की इंदूरच्या डॉक्टरांनी आम्हाला थेट मुंबईला पाठवले. तिथे डॉ. जयश्री यांनी जिवापाड उपचार केले. शेवटी शेवटी चारूने त्यांना विचारले, "मॅडम, याच्यावर औषध का नाहीये?"

त्या म्हणाल्या, "असे पेशंट फार थोडे असतात गं. म्हणून संशोधनाला कोणी पैसा देत नाही."

"मग माझी गाठ ठेवून घ्या. कुणाच्या तरी कामी येईल."

संमतीची सही तिने स्वतः केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

२. तापीकाठची केळीची बाग माझे पती कै. लीलाधर यांनी माझ्या नावे केली होती. ती मी 'चारुलता निधी'ला देते. हा निधी कसा उभा राहिला, ते इथे लिहिणे मला जरुरीचे वाटते.

चारू गेल्यावर पुढच्या वर्षी डॉ. जयश्रींचा फोन आला, की पैशाअभावी तिच्या गाठीवरचे काम बंद पडणार. मी केळी मंडीत गेले आणि लिलाव सुरू व्हायच्या आधी ओट्यावर चढले. एवढ्या माणसांपुढे 'अंडाशय' हा शब्द मी मोठ्याने उच्चारला. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी म्हटले, "मला पैसे नकोत. ज्याची त्याची बाग आहे, त्याने एक घड द्या. चारूच्या नावाने."

मग आमचे बांधशेजारी निंबा पाटील उठले. "वहिनी, केळीला जन्मात एकच घड येतो. एक घड म्हंजे आख्खं झाड झालं. मी देतो."

ठरल्या दिवशी मी मंडीत पोहोचले तर रस्ता दिसेना. ट्रॅक्टर, बैलगाड्या, मोटारसायकलीवर मागे बांधलेले घड. असीरगढच्या पायथ्याची माणसे आली होती. वादळात ज्यांची बाग आडवी झाली होती, तेही उरलेला घड खांद्यावर घेऊन आले. यंत्रमागावर काम करणाऱ्या मोमीन बायकांनी दिवसभराचे कापड डोक्यावरून आणले. पहिला घड एका व्यापाऱ्याने घेतला, पैसे दिले आणि घड पुन्हा ओट्यावर ठेवला. म्हणाला, "फिर से बोली लगाओ." दुसऱ्याने घेतला, त्यानेही ठेवला. दुपारपर्यंत तो एकच घड विकला जात होता, पण उचलून न्यायला कोणी तयार नव्हते. तापीचे पूर मी लहानपणापासून पाहत आले. माणसांना पूर आलेला त्या दिवशी पाहिला.

त्या पैशातून चारुलता निधी उभा राहिला आणि मुंबईचे काम थांबले नाही. दर वर्षी मंडी हा दिवस पाळते.

३. लोधीपुऱ्यातील राहते घर मी माझी पुतणी वर्षा हिला देते. घरावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही.

संशोधनासाठी डॉक्टरांनी आम्हा नवराबायकोचे रक्त घेतले होते. तोवर सासरची माणसे म्हणत, हा रोग कोकिळाच्या माहेरचा. तपासात दोष निघाला तो महाजनांच्या रक्तात. तो वर्षाच्या रक्तातही असू शकतो, असे डॉक्टरांनी कळवले. मी तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या दिरांना, सांगितले. त्यांनी दार लावून घेतले. महिन्याभराने वर्षा एकटीच माझ्याकडे आली. "काकू, पप्पांना सध्या काही बोलू नका. मला टेस्ट करायचीय, बस."

दोष तिच्यात होता. तिने रोग होण्याआधीच अंडाशय काढण्याचे ऑपरेशन करून घ्यायचे ठरवले. काढलेल्या अंडाशयात तांदळाच्या कणीएवढी सुरुवात सापडली. डॉक्टर म्हणाल्या, इतक्या लवकर हा रोग हाती लागलेला त्यांनी पाहिला नव्हता. वर्षा आज बरी आहे, शाळेत शिकवते.

४. माझे दीर दगा महाजन यांना जमीन, घर वा रक्कम यांतले काही देत नाही. "भाभी, घरातली गोष्ट तुम्ही मंडीत नेली. आता माझ्या पोरीला कोण पदरात घेईल?" हे ते चार माणसांत बोलले होते. ऑपरेशनच्या दिवशी ते मुंबईला आले, व्हरांड्यात माझ्यापुढे उभे राहिले आणि हात जोडले. मी तो नमस्कार घेतला. वाद मिटला असे मी म्हणत नाही. मात्र सामाईक विहिरीच्या पाण्यातील माझी पाळी त्यांना द्यावी. त्या पाळीवरून आम्ही वीस वर्षे भांडलो आहोत.

५. वर्षा शुद्धीवर आल्यावर डॉ. जयश्री मला प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितले. उजेडात बारीक, गोल, एकमेकांना बिलगलेले काहीतरी होते.

"या चारूच्या गाठीतल्या पेशी. अजून जिवंत आहेत. यांच्यावरच आम्ही औषधं लावून बघतो."

मी विचारले, "यांना खायला काय देता?"

त्यांनी गुलाबीसर पाण्याची बाटली दाखवली. ज्यांनी माझी लेक नेली त्या याच, आणि माझ्या लेकीचे या जगात जिवंत उरले तेही एवढेच. राग येईल असे वाटले होते. आला नाही. मी कितीतरी वेळ वाकून पाहत राहिले, आणि माझे हात कधी जोडले गेले ते मला कळले नाही.

६. माझी रक्षा तापीच्या राजघाटावर सोडावी. तेराव्याला गोडाचा बेत नको.

७. बागेचे उत्पन्न निधीने याच रोगाच्या संशोधनाला द्यावे. औषध सापडले, तर बाग विकू नये. ज्या रोगाला कोणी विचारत नाही असा दुसरा रोग शोधावा आणि पहिला घड त्याच्या नावाने कापावा.

वरील मजकूर मी वाचला, तो माझ्या मनाप्रमाणे आहे, म्हणून दोन्ही साक्षीदारांसमोर सही करते.

सही: कोकिळा लीलाधर महाजन

साक्षीदार:
१. धुरपदाबाई सोनवणे, शेजारीण, लोधीपुरा
२. निलेश चौधरी, केळी व्यापारी

स्थळ: बुऱ्हाणपूर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५